नाच तोच, कायदे दोन: महाराष्ट्रातल्या डान्स बारबंदीचं प्रकरण

१५ ऑगस्ट २००५ पासून महाराष्ट्रात एकाच हिंदी सिनेमाच्या गाण्यावरचा एकच नाच बिअर बारमध्ये गुन्हा ठरला आणि तीन तारांकित हॉटेलात मनोरंजन. ही अतिशयोक्ती नाही, कायद्यातच तसं लिहिलं होतं. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये त्या पावसाळी अधिवेशनात दोन नवी कलमं घातली गेली. ३३ अ ने उपाहारगृह, परमिट रूम आणि बिअर बारमध्ये कोणत्याही प्रकारच्या नाचावर बंदी घातली. ३३ ब ने नाट्यगृह, सिनेमागृह, सभागृह, फक्त सभासदांसाठी असलेले क्लब आणि जिमखाने, शिवाय तीन तारांकित व त्यावरची हॉटेलं यांना त्या बंदीतून वगळलं. पहिलं कलम मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड. या दोन कलमांतल्या फटीत पुढची चौदा वर्षं गेली. हजारो बायकांचा रोजगार तिथेच गेला.

हे प्रकरण नैतिकतेचं म्हणून गाजलं. मला ते पहिल्यापासून कामाचं आणि मजुरीचं प्रकरण वाटत आलं आहे. ही बाई नेमकं काय काम करते, तिच्या कामाचे पैसे कोण देतं आणि तिचा मालक कोण, हे प्रश्न कुठल्याच सरकारने कायदा लिहिताना नीट विचारले नाहीत. म्हणून आधी ते काम समजून घेऊ.

बारमधलं काम

डान्स बार म्हणजे मधोमध किंवा एका कडेला नाचाची छोटी जागा, भिंतींना आरसे, वर रंगीत दिवे आणि तीन बाजूंनी सोफे. सुरुवातीच्या काळात ऑर्केस्ट्रा आणि गायिका असत, पुढे बऱ्याच ठिकाणी नुसतं रेकॉर्डेड संगीत आलं. गाणी चालू हिंदी सिनेमातली. पडद्यावरच्या नायिकेच्या किंवा आयटम साँगमधल्या नर्तकीच्या स्टेप या मुली टीव्हीवर बघून बसवत, त्यात आपली एखादी अदा मिसळत. कपडे बहुतेक ठिकाणी अंगभर: घागरा-चोळी, साडी, भरजरी लेहंगा. नाचताना गिऱ्हाइकाशी नजर मिळवायची आणि त्याला वाटू द्यायचं की हे गाणं त्याच्यासाठीच आहे. कामाचा खरा गाभा तो होता, आणि त्याला अंगी कसब लागत असे.

पगार बहुतेकींना नसे. गिऱ्हाईक नोटा उडवी, नोटांचा हार घाली किंवा वेटरच्या हाती पैसे पाठवी. वेटर फरशीवरच्या नोटा गोळा करून जिच्यावर उडवल्या तिच्या नावाने बाजूला ठेवी. बार बंद झाल्यावर हिशेब होई. त्या कलेक्शनमधला ठरलेला वाटा मालकाचा, उरलेला तिचा. काही ठिकाणी मालकाचा वाटा अर्ध्याहून जास्त असे. करारपत्र नाही, हजेरीपुस्तक नाही, भविष्य निर्वाह निधीचा तर विचारही नाही. मालकाच्या लेखी ती नोकर नव्हती आणि कामगार खात्याला तर ती अस्तित्वातच नव्हती. परवाना मालकाच्या नावावर, आणि धाड पडली की पोलिसांच्या गाडीत ती.

या बायका आल्या कुठून? बऱ्याच जणी राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातल्या बेडिया, नट, कंजर, डेरेदार अशा समाजांतल्या. या घराण्यांत नाचगाणं पिढीजात होतं. संस्थानं गेली, कोठे बंद झाले, मुजऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा मुंबईच्या बारने त्यांना जागा दिली. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत बार वाढले तेव्हा एका जुन्या व्यवसायाने शहरात नवा पत्ता घेतला. पण सगळ्याच अशा नव्हत्या. गिरण्या बंद पडलेल्या घरांतल्या, नवऱ्याने टाकलेल्या, बंगालमधून आलेल्या, आधी घरकाम किंवा कारखान्यात पॅकिंग करून बघितलेल्याही होत्या. पोटासाठी केलेल्या आधीच्या कामांपेक्षा इथे पैसे कितीतरी पट होते.

बंदी कशी आली

आता एक गोष्ट, जी बंदीच्या गदारोळात विसरली गेली. २००४ च्या डिसेंबरमध्ये सरकारनेच एक समिती नेमली होती. बारमधल्या नाचासाठीचे नियम कसे सुधारावेत हे तिने सांगायचं होतं, आणि तिने सांगितलंही: नाचाची जागा दहा बाय बारा फुटांची असावी, तिथे एका वेळी आठांपेक्षा जास्त मुली नसाव्यात, तीन फूट उंचीचा कठडा असावा, कठडा आणि गिऱ्हाइकाची खुर्ची यांत पाच फुटांचं अंतर असावं, नोटा उडवण्याऐवजी बक्षिसी व्यवस्थापकाकडे जमा व्हावी. यात तक्रारीला जागा आहे, विशेषतः पैसे मालकाच्या हाती सोपवण्याला. पण हे नियमन होतं. नाचणारीच्या अंगाला कोणी हात लावू नये याची निदान फूट-इंचांत सोय होती.

पुढच्या मार्चमध्ये सगळं उलटलं. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी रायगड जिल्ह्यातल्या डान्स बारबद्दल विधानसभेत लक्षवेधी सूचना मांडली. तिला उत्तर देताना उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. आधी ती मुंबईबाहेरच्या बारपुरती होती, काही दिवसांत मुंबईही तिच्यात आली.

आर. आर. आबांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. गावातल्या बायका नवऱ्याच्या दारूपायी आणि उधळपट्टीपायी काय सोसतात हे त्यांना मतदारसंघातून ठाऊक होतं. पनवेल, खालापूर भागात जमिनी विकून आलेला पैसा बारमध्ये गेल्याच्या कहाण्या खोट्या नव्हत्या. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या बारबद्दल घरोघरी संताप होता. ज्या बाईच्या घरातलं सोनं गेलं, तिला ही बंदी न्याय वाटली असेल, आणि तिला नावं ठेवण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. पण तिच्या नवऱ्याला दारू पाजणारं परमिट रूम चालूच राहिलं. पैसे उडवणाऱ्याला नव्या कलमात शिक्षा नव्हती. बंद पडलं ते फक्त तिसऱ्या एका बाईचं काम.

सरकारला इतकी घाई होती की आधी अध्यादेशाचा मार्ग निवडला. राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी तो परत पाठवला. मग विधेयक आलं आणि जुलै २००५ मध्ये विधिमंडळाने ते एकमताने मंजूर केलं. सत्ताधारी-विरोधक, शहरी-ग्रामीण, सगळे एका बाजूला. ज्यांच्या जगण्याबद्दल हा ठराव होता त्यांच्यातलं कोणी त्या सभागृहात असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची बाजू वर्षा काळे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली भारतीय बारगर्ल्स युनियन रस्त्यावर मांडत होती. तोंडं ओढणीने झाकून, कॅमेऱ्यांपासून चेहरा वाचवत या बायका आझाद मैदानावर बसल्या. गावी घरच्यांना मुलगी मुंबईत नेमकं काय करते हे सांगितलेलं नसायचं, म्हणून ती ओढणी.

स्त्री संघटनांतही एकवाक्यता नव्हती. हे सगळंच शोषण आहे, बंद झालेलंच बरं, असं म्हणणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्या होत्या. फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन आणि मजलिस यांसारख्या संस्था बंदीविरोधात उभ्या राहिल्या. वाद कडू होता, पण एक चांगली गोष्ट घडली: कोणीतरी जाऊन या बायकांना विचारलं. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास केंद्र आणि फोरम यांनी बारमध्ये पाहणी करून अहवाल तयार केले. सरकारने आपल्या बाजूने टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचा अहवाल पुढे केला. त्यात मुलींची फसवणूक आणि त्यांना या धंद्यात आणण्याच्या वाटा यांवर भर होता. हे दोन्ही अहवाल पुढे न्यायालयात समोरासमोर आले.

न्यायालयात

हॉटेलमालकांची 'आहार' संघटना, बारमालकांच्या संघटना, बारगर्ल्स युनियन आणि स्त्री संस्था, अशा वेगवेगळ्या हितसंबंधांच्या याचिका एकत्र चालल्या. मालक आणि नाचणाऱ्या मुली एकाच बाजूला उभ्या होत्या हे या खटल्याचं बळ होतं आणि दुखणंही. मालकाला परवाना परत हवा होता. मुलीला काम हवं होतं, पण मालकाशी तिचा जो व्यवहार होता तो तसाच ठेवून नव्हे. कोर्टासमोर आला तो पहिला प्रश्न. दुसरा कोणी विचारला नाही, कारण त्यासाठी मालकालाच प्रतिवादी करावं लागलं असतं.

१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एफ. आय. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांनी बंदी घटनाबाह्य ठरवली. पाया दोन कलमांचा: समानतेचं १४ आणि व्यवसायस्वातंत्र्याचं १९(१)(छ). नाच अश्लील असेल तर तो बिअर बारमध्ये अश्लील आणि तारांकित हॉटेलात सभ्य कसा, याचं पटणारं उत्तर सरकारकडे नव्हतं. सरकारच्याच म्हणण्याप्रमाणे परवानाधारक डान्स बार ३४५ होते आणि बिनपरवाना सुमारे अडीच हजार. मला हा आकडा सगळ्या युक्तिवादांपेक्षा बोलका वाटतो. बिनपरवाना जागा बंद करायला नवा कायदा कशाला हवा? भारतीय दंड संहितेचं कलम २९४, देहव्यापार प्रतिबंधाचा १९५६ चा कायदा आणि परवान्याच्या अटी हातात असताना अडीच हजार ठिकाणं चालू राहिली, तर कमतरता अंमलबजावणीत होती.

निकाल लागला तरी बार उघडले नाहीत. अपिलासाठी स्थगिती मिळाली, सर्वोच्च न्यायालयाने ती चालू ठेवली आणि सात वर्षं गेली. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्या. एस. एस. निज्जर यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. निज्जर यांच्या निकालपत्रातला सगळ्यात कडक भाग ३३ ब बद्दल आहे. वरच्या वर्गातले लोक नाच बघून बिघडत नाहीत आणि खालच्या वर्गातले बिघडतात, या गृहीतकाला राज्यघटनेत थारा नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पंचाहत्तर हजारांहून अधिक स्त्रियांचा रोजगार गेला, त्यांतल्या अनेकींना नाइलाजाने देहविक्रीकडे वळावं लागलं, म्हणजे ज्या दुखण्यावर हा उपाय होता ते दुखणंच त्याने वाढवलं, हेही न्यायालयाने नोंदवलं.

या सात वर्षांत काय झालं ते या एका वाक्यात मावणारं नाही. नाचणाऱ्या मुली नाहीशा झाल्या नाहीत, त्यांची जागा हलली. परमिट रूमला ऑर्केस्ट्राचा परवाना मिळत होता, तर तिथे त्या गायिका म्हणून उभ्या राहिल्या. माईक हातात, गाणारी मात्र दुसरीच. काही जणी वेटर झाल्या. हा बदल बारकाईने बघण्यासारखा आहे. नाचाच्या जागेवर ती गिऱ्हाइकापासून काही फूट लांब होती, नजर आणि नोट यापलीकडे व्यवहार नव्हता. वेटर झाल्यावर ग्लास ठेवायला तिला सोफ्याशी वाकावं लागलं. पैसे कमी आणि अंतर त्याहून कमी. काही आखाती देशांतल्या बारमध्ये गेल्या, काही गावी परतल्या. गावात कुटुंबं पोसणाऱ्या त्याच होत्या. तिथे त्यांच्या कमाईशिवाय धाकट्यांच्या शाळा आणि घराची डागडुजी थांबली. पुनर्वसनाची भाषा मंत्रालयात झाली होती. एवढ्या जणींपर्यंत पोचेल असं त्यातलं काही उभं राहिलं नाही.

बंदी पुन्हा, मग अटी

१३ जून २०१४ रोजी विधिमंडळाने पुन्हा एकमताने दुरुस्ती केली. न्यायालयाने भेदभाव म्हटलं होतं ना, मग तारांकित हॉटेलांनाही बंदी. समानता आली, पण वरच्यांची सवलत काढून. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्या. दीपक मिश्रा आणि न्या. प्रफुल्ल पंत यांच्या खंडपीठाने या दुरुस्तीला स्थगिती दिली. सरकार बदललं होतं, भूमिका तीच होती. एप्रिल २०१६ मध्ये नवा स्वतंत्र कायदा आला. त्याच्या लांबलचक नावात अश्लील नृत्याला प्रतिबंध आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण, दोन्ही होतं.

अटी वाचल्या की हेतू कळतो. शाळा किंवा धार्मिक स्थळापासून एक किलोमीटरच्या आत डान्स बार नको. मुंबईत असा एक किलोमीटर शोधून दाखवावा! नाचाच्या खोलीत दारू नको. सर्वत्र सीसीटीव्ही हवेत. वेळ संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा. नोटा उडवायच्या नाहीत. एकेक अट ऐकायला रास्त, सगळ्या मिळून बंदी.

१७ जानेवारी २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांनी यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या: एक किलोमीटरचं अंतर, सक्तीचे कॅमेरे, दारू आणि नाच वेगळे करणारी भिंत, मालकाच्या 'चांगल्या चारित्र्या'ची अट. वेळेचं बंधन आणि नोटा उडवण्यावरची बंदी त्यांनी ठेवली, टिप द्यायला मात्र हरकत नाही म्हटलं. लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात जमा करण्याची अट टिकली, दरमहा पगाराची सक्ती गेली. समाजाच्या नैतिक कल्पना बदलत असतात आणि राज्याने स्वतःच्या कल्पना त्यावर लादू नयेत, असंही न्यायालय म्हणालं.

नोटा उडवण्याच्या बंदीशी माझा झगडा आहे. आपल्याकडे संगीतबारीत, म्हणजे तमाशातल्या लावणीच्या कार्यक्रमात, दौलतजादा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. लावणी बघायला येणारा प्रेक्षक पुढे येऊन पैसे देतो, फर्माईश करतो, नाचणारी ते पैसे अदबीने घेते. त्या व्यवहाराला आपण लोककला म्हणतो, अनुदान देतो, महोत्सव भरवतो. ज्या नियमांखाली डान्स बारना परवाने दिले जात ते १९६० चे नियमही मेळे आणि तमाशे यांच्यासकट सार्वजनिक करमणुकीच्या सगळ्या प्रयोगांसाठी एकच होते. तमाशाचाही इतिहास वेगळा नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली होती. फडमालक आणि कलावंत रोजीरोटीसाठी सरकारदरबारी गेले, मग संहिता तपासून खेळ पुन्हा सुरू झाले. त्या वेळी वाटाघाट झाली, सुधारणेची समिती झाली. बारमधल्या मुलीची समितीही झाली होती, फक्त तिचं ऐकायच्या आत बंदी आली. संगीतबारीत पायात घुंगरू बांधणाऱ्या कोल्हाटी समाजातल्या कलावंतिणी आणि बारमधल्या बेडिया मुली यांच्या घरच्या कहाण्या इतक्या सारख्या आहेत की एकीला पुरस्कार आणि दुसरीला पोलीस व्हॅन, हे मला कधी पटलं नाही. एक आपल्या भाषेत नाचते आणि दुसरी परप्रांतातून येऊन हिंदी गाण्यावर नाचते, हा फरक या कायद्यामागे न बोलता उभा होता असं माझं मत आहे.

आज

२०१९ च्या निकालानंतर डान्स बार उघडतील असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात नाचाचे परवाने फार थोड्यांच्या हाती आले. धंदा ऑर्केस्ट्रा परवान्यावरच चालत राहिला आणि नाच त्याच्या आडोशाने. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीतल्या एका बारवर मुंबई पोलिसांनी धाड घातली. तास न्‌ तास शोधूनही मुली सापडेनात. शेवटी मेकअप रूममधल्या मोठ्या आरशाचा संशय आला. तो भिंतीतून निघेना, तेव्हा फोडला. मागे छुपी वाट, वाटेच्या टोकाला खोली आणि खोलीत १७ जणी दाटीवाटीने बसलेल्या. या बातमीतली चतुराई सगळ्यांनी चघळली. त्या खोलीत आग लागली असती तर, हा प्रश्न मला पुरेशा ठिकाणी वाचायला मिळाला नाही.

ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यातही एक अट होती: मंचावर जास्तीत जास्त चार स्त्रिया आणि चार पुरुष. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. एस. रवींद्र भट यांनी ती रद्द केली. एकूण कलाकार आठ असू शकतात, त्यांत स्त्रिया किती हे सरकारने ठरवायचं नाही. स्त्रियांच्या संरक्षणाच्या नावाखाली त्यांचं काम कमी करणारी बंधनं खपवून घेता येणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. २००५ मध्ये हीच ओळ कोणी विधानसभेत म्हटली असती तर बरं झालं असतं.

आता कायद्यात उरलेल्या ज्या दोन अटी तिच्या कामाच्या आहेत, त्या म्हणजे लेखी करार आणि बँकेत जमा होणारा मोबदला. त्यांची तपासणी मात्र पोलीस करतात, आणि पोलिसांना करारापेक्षा कपडे लवकर दिसतात. हे काम कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे द्यायला हवं. त्याने महिन्यातून एकदा दिवसाउजेडी बारमध्ये जावं, हजेरीपुस्तक, करार आणि बँकेच्या नोंदी बघाव्यात, कलेक्शनमधला वाटा कागदावर आहे का ते विचारावं, बाहेर पडायचं दार उघडतं की नाही ते स्वतः ढकलून बघावं. त्यासाठी विधिमंडळात एकमताची गरज नाही, एक शासन निर्णय पुरतो.